साका

जामसंड्याची आमची आंबा भरायची खोली.
पेट्या गेल्या, आता टब आहेत.
झाकणांना भोकं मीच पाडली, तापल्या सळईने.
रात्री वीज गेली की उठून बघतो,
तळहात ठेवून, तळ कोमट आहे ना.

काल पहाटे मादी व्याली.
बोआ अंडी घालत नाही, हे मी येईल त्याला सांगतो,
जणू त्यात माझं काही कर्तृत्व आहे.
जुन्या पेपरावर एकोणीस.
सहा नुसते पिवळे गोळे, न धरलेले.
दहा तपकिरी, रानात टाकली तर पाचोळ्यात हरवतील अशी.
आणि तीन
पिकायला लागलेल्या हापूसच्या देठाजवळचा रंग.

दहावीत वाटाण्यावर शिकलेला चौकोन
मी वहीत काढला होता.
चार घरं. चौथ्या घरात सोनं.
तेवढ्यासाठी भाऊ आणि बहीण एका टबात सोडले.
वहीत नातं लिहिलं नाही.
सात नंबर, अकरा नंबर.

पहिलं पिल्लू धड.
दुसऱ्याला उजवा डोळा नाही.
तिसऱ्याला
मी भिंग आणलं, मग चष्मा पुसला, मग पुन्हा भिंग.
डोळ्यांच्या जागी नीट बसलेले खवले,
सुताराने खिडकीची चौकट न काढताच
भिंत लिंपून टाकावी तसे.

पडेलकर बाई गुरांच्या डॉक्टर, तरी आल्या.
पिल्लू मनगटावर घेऊन म्हणाल्या,
रंगाबरोबर आणखी काय काय बांधलेलं असतं
ते सुटं करून मिळत नाही, हेरंब.
आणि तो काळा? मागच्या खेपेचा?
मी म्हटलं, गेला.
त्याला एकच गुण दोन्हीकडून आलेला,
अंगावरची सगळी नक्षी पुसलेली, शाईसारखा.
दुसरं वर्ष लागलं तसं खाणं सोडलं.
फोटो मात्र सुंदर आले होते.

अप्पा पायरीवर बसून ऐकत होते.
चाळीस वर्षं कलमं बांधली त्यांनी,
एकाच झाडाची हजार झाडं,
सगळ्यांना तीच चव, तीच साल, आणि तोच रोग.
आत आले, खाली वाकले, हात लावला नाही.
"साको," म्हणाले.
"भायरसून सोन्यासारखो.
कापल्याशिवाय कळणा नाय."
मग थोड्या वेळाने, जाता जाता,
"आंब्याक दुखना नाय, ता येक बरा."

दुपारी पुण्याहून मल्हार देवकुळेचा फोन.
रंग कसा उतरलाय?
मी म्हटलं, रंग चांगला आहे.
खोटं नव्हतं.
किती आहेत, म्हणाला, आणि मी
खिडकीबाहेर बघत राहिलो.
खाडीवरून वारा येत होता, खारट,
मागच्या कुंपणात एक धामण
कुणी न विचारता, कुणी न निवडता
जांभ्याच्या फटीत शिरत होती.
एक, म्हटलं. विकायचं एकच.

रात्री त्याचा टब उघडला.
जीभ आली, गेली, आली.
हवेत काहीतरी वाचत
ते सरळ माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आलं,
जिथे नाडी असते, जिथे ऊब जास्त,
आणि तिथे वेटोळं करून थांबलं.
ज्या रंगासाठी एवढं सगळं केलं
तो त्याला कधी दिसणार नाही.
मला दिसत होता. बल्बखाली तर फारच.

सात नंबरचा टब उचलून
खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.
वही काढली. रंगाच्या रकान्याशेजारी
पट्टी धरून एक रेघ मारली,
वर लिहिलं: डोळे.
मग मागची पानं उलटत गेलो,
दोन हजार अठरापर्यंत.
तिथे तो रकाना नव्हताच,
आणि आता आठवून भरता येत नाही.